बाहेरची खुर्ची

सन्माननीय अध्यक्षबाई, ज्यांनी आपल्या संगीत विद्यालयाचा हा हॉल आज आम्हाला मोकळा करून दिला. प्रमुख पाहुणे, म्हणजे गाण्यातल्या वाद्यांची मांडणी करणारे आमचे अरेंजर साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे मामा. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. माझे सगळे वादक बंधू. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभी असलेली विद्यालयाची मुलंमुली, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मागे ऐकू येतंय ना? नसेल तर आत्ताच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. मी सगळा जन्म माईकपुढे बसलो, पण वाजवायला. माईकपुढे खोकायचंसुद्धा नाही ही आमची शिस्त. त्यामुळे इथं तोंड उघडताना काहीतरी गुन्हा करतोय असं वाटतंय. कागदावर लिहून आणलंय, पण चष्मा जुना आहे, तेव्हा मधे अडलो तर जरा थांबा. शिक्षण माझं सातवीपर्यंत, तेही शेवटच्या बाकावर. स्टुडिओत मला 'काळजीवाहू' म्हणतात. सरकार पडल्यावर असतं ना, तसं. तार तुटेल का, साहेब चिडतील का, घरी जायला वाहन मिळेल का, या काळज्या सगळ्यांच्या वतीनं मी करतो. बाकीचे निवांत वाजवतात.

अध्यक्षबाई मला म्हणाल्या, मामांबद्दल बोला, आणि बोलता बोलता आमच्या मुलांना स्टुडिओतल्या कामाबद्दलही दोन शब्द सांगा. बाई, ही दोन कामं वेगळी नाहीत. येत्या सोमवारी सकाळी आमचं रेकॉर्डिंग आहे. आम्ही आठ व्हायोलिनवाले. मामा उठले की उरलो सात. साहेबांनी आम्हाला बसवून नीट सांगितलंय की सातांवर त्यांचं भागत नाही. आठवा मिळाला नाही, तर व्हायोलिनचा सगळा भाग ते मशीनवर वाजवून घेणार. त्यात त्यांना मी दोष देत नाही. त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. पण एकदा मशीनवर भागलं की पुढच्या वेळी आम्हाला कोण बोलावणार? म्हणजे एक खुर्ची भरली नाही, तर बाकीच्या सातही गेल्या. मामांच्या जिवाला हाच घोर लागला आहे. हारतुरे, शाल, यात त्यांचं लक्ष नाही. मघाशी बाईंनी शाल घातली तेव्हा ते बघत होते या भिंतीकडच्या मुलांकडे.

आता जे सांगतोय ते त्यांच्या परवानगीनं सांगतोय. मामांना ऐकू येत नाही. ठोके, दणके थोडे कळतात. बारीक आवाज गेला. व्हायोलिनचा तर पूर्णच गेला. मी विचारलं, सभेत हे बोलू का? तर म्हणाले, "सांग. लपवून काय करायचंय? नाहीतर लोक म्हणतील हात थकला. हात थकलेला नाही म्हणावं." तर मंडळी, हात थकलेला नाही. अजून अहो-जाहो करतोय, पण आम्ही अरेतुरेतले. मधेच 'तो' म्हणालो तर चालवून घ्या.

मुलांना आमची बसण्याची पद्धत ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. स्टुडिओत दोन व्हायोलिनवाल्यांत एक स्टँड असतो. स्टँडवर नोटेशनचे कागद. एक माणूस बाहेरच्या खुर्चीवर, एक आतल्या. पान संपलं की आतला माणूस वाजवणं थांबवतो, पान उलटतो आणि पुन्हा सुरू होतो. बाहेरचा वाजवतच राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं सगळे अखंड वाजवतायत. प्रत्यक्षात प्रत्येक पानाला निम्मे लोक गप्प असतात आणि उरलेले निम्मे त्यांचं ओझं वाहतात. बाहेरची खुर्ची जाणत्या माणसाची. ती मामांची होती. आतली माझी. आमच्या बायका म्हणायच्या, तुमचे संसार आमच्याशी कमी आणि त्या स्टँडशी जास्त.

मामांचे कान कधीपासून जात होते, मला कळलं नाही. शेजारी बसून कळलं नाही. वहिनींनाही वाटलं होतं की माणूस हल्ली रागावलेला असतो, हाकेला ओ देत नाही. स्टुडिओत आल्यावर तो व्हायोलिन माझ्याकडे द्यायचा आणि म्हणायचा, "जरा लावून दे रे, खुंटी घट्ट झालीय." मी लावून द्यायचो, आणि कुरकुरायचो की म्हाताऱ्या, खुंटीला साबण लाव. खुंटी ठीक होती. त्याला तारा जुळल्या की नाही, ते कळत नव्हतं. हेडफोनमधला तालाचा ठोका तो मोठा करून ऐकायचा. बोटांना जागा पाठ होत्या. बाकी कशावर भागवत होता?

एक संथ गाणं होतं. पहिला टेक झाला. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "पान बदलताना आवाज खाली बसतोय." आम्ही म्हटलं, बरं. दुसरा टेक. पुन्हा तेच. आता हे आम्हाला लाजिरवाणं. नवशिक्यांचं होतं असं. तिसऱ्या वेळी साहेब स्वतः बाहेर आले आणि आमच्या पाठीमागे उभे राहिले. पान संपलं. मी थांबलो, हात पुढे केला, पान उलटलं. आणि शेजारी बघतो तर मामांचा गजही हवेत थांबलेला. मी पुन्हा गज टेकवला, तसा त्यांनीही टेकवला.

मंडळी, तो माझा गज बघून वाजवत होता. मी चाललो की चालायचा, मी थांबलो की थांबायचा. पान उलटायला मी थांबतो, ही गोष्ट आमच्यात इतकी जुनी, की ती तो विसरला असेल असं मला वाटत नाही. त्याला माहीत होतं. पण गज थांबलेला दिसला की भीतीनं त्याचा हात थांबायचा. सगळे थांबले असतील आणि आपण एकटेच वाजवत राहिलो असू, ही भीती. ज्याला ऐकू येत नाही त्याला दुसरा इलाज काय?

साहेबांनीही ते पाहिलं. ते इथंच बसलेत, म्हणून तोंडावर स्तुती करतो. ते एवढंच म्हणाले, "चहा घ्या सगळ्यांनी."

बाहेर जिन्यापाशी मी त्याला गाठलं. मी काहीतरी बोलत होतो, तर म्हणाला, "तोंडापुढचा हात काढ आणि हळू बोल." तेव्हा मला उलगडलं. मी विचारलं, "कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं, तर तू सगळ्या स्टुडिओभर सुतकी तोंड करून फिरला असतास. मग सांगायला काय उरलं असतं?"

खोटं नाही. मी तसाच फिरलो असतो. आत्ताही फिरतोच आहे.

चहा झाला. आत आलो तर हा माझ्या खुर्चीवर, आतल्या खुर्चीवर बसलेला. म्हणाला, "तू बाहेर हो. आजपासून पानं मी उलटतो." म्हणजे पानाला त्यानं थांबणं रीतसर झालं, आणि मी वाजवत राहिलो की आवाज खाली बसणार नाही. युक्ती साधी होती. पण ज्या माणसानं कधी कुणाचं पान उलटलं नव्हतं, तो सगळ्यांदेखत आत सरकला. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "काय मामा, उलटं प्रमोशन?" तर हा त्याच्या ओठांकडे बघून म्हणतो, "इकडे पंख्याचा वारा चांगला येतो." रेकॉर्डिंगच्या खोलीत पंखा नसतो. त्याचा आवाज माईकमध्ये जातो. सगळे हसले. मी मात्र तारा पुसायचं निमित्त करून मान खाली घातली.

असे आम्ही बरेच महिने काढले. आणि एक दिवस टेक संपला, रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला, सगळे उठले, व्हायोलिनच्या पेट्या बंद झाल्या. हा बसूनच. मला म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, झालं. "कसं झालं?" मी म्हटलं, छान झालं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, "तू नेहमीच छान म्हणतोस रे. मला आता तपासता येत नाही." मग त्यानं गज सैल केला, पेटीत ठेवला, वर कापड घातलं. म्हणाला, "बस झालं." त्याला कुणी काढलेलं नाही, मंडळी. हे मुद्दाम सांगतो. साहेब तर राहा म्हणत होते. स्वतःचं वाजवणं चांगलं की वाईट हे दुसऱ्याला विचारायची वेळ आली, तेव्हा तो उठला.

मी फार बोलतोय का? बाई घड्याळाकडे बघतायत. थोडंच राहिलंय.

आता मुलांनो, तुमच्याबद्दल. तुमच्यात बोललं जातं, की स्टुडिओत गेलं की हात बिघडतो, आणि नाव तर होतच नाही. बाई, रागावू नका, हे तुमच्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर मी या कानांनी ऐकलंय. हाताचं मला पटत नाही. नावाचं खरं आहे. एकदा मामा सदरा शिवायला टाकायला गेले. दुकानात रेडिओवर आमचंच वाजत होतं. मामांना राहवलं नाही. म्हणाले, "हे व्हायोलिन मी वाजवलंय." शिंप्यानं गळ्यातली टेप काढली आणि म्हणाला, "बरं. बाही किती ठेवू?" तेवढंच आमचं नाव.

मग का यायचं? तर पहिलं, घर चालतं. हे बोलायला लाजू नका. मामांच्या दोन्ही मुलींची शिक्षणं या कामावर झाली. मैफलीची वाट बघत बसलेले चांगले चांगले हात मी गंजताना पाहिलेत, आणि त्यांच्या घरची तोंडंही पाहिलीत. दुसरं मला नीट सांगता येत नाही, शिक्षण कमी पडतं. एकट्यानं वाजवताना आपण आपल्यालाच ऐकत असतो. स्टुडिओत एका कानावर हेडफोन असतो आणि दुसरा कान मोकळा ठेवायचा असतो. तो शेजारच्यासाठी. शेजारचा कुठं श्वास घेतो, कुठं दमतो, कुठं त्याला आधार लागतो, हे त्या कानाला हळूहळू कळायला लागतं. हे शिकवणारा दुसरा वर्ग मला माहीत नाही. बाकी किरकोळ गोष्टी आहेत, त्या कोणीही शिकेल. पायात करकरणारे बूट नकोत. फोन बंद म्हणजे बंद, थरथरणारा नव्हे. सूर संपला तरी दिवा विझेपर्यंत हलायचं नाही, नाक खाजलं तरी.

आणि आता मला एका मुलीबद्दल बोलायचंय. नाव घेत नाही, तिच्याकडे बघतही नाही. ती याच विद्यालयातली आहे. गेल्या आठवड्यात ती स्टुडिओत आली होती, चाचणीसाठी. माझ्या शेजारी आतल्या खुर्चीवर बसली. वाजवते फार चांगलं. इतकं चांगलं, की काचेपलीकडून आवाज आला, "एक व्हायोलिन वेगळं ऐकू येतंय." तिनं जोर कमी केला. पुन्हा तेच. मग साहेब म्हणाले, "बाळ, ही स्पर्धा नाही. रांगेत ये." बोलले प्रेमानंच, पण मागे कुणीतरी हसलं.  पान आलं, ती थांबली, पान उलटलं, आणि पुन्हा सुरूच करू शकली नाही. चहा न घेता गेली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "काका, मला नाही जमणार."

मुली, मामा त्या दिवशी काचेपलीकडे बसले होते. त्यांना तुझा एकही सूर ऐकू आला नाही, हे तर तुला आता कळलंच. घरी जाताना मी त्यांना म्हटलं, पोर गेली, आता काय करायचं? तर ते म्हणाले, "तिनं मधे एकदा तुझ्याकडे बघितलं, पाहिलंस का?"

मी म्हटलं, "घाबरून बघितलं असेल."

"कशासाठी का बघेना. शेजारी बघायचं असतं, हे मला कान गेल्यावर सुचलं. तिला पहिल्या दिवशी सुचलं. तिला बोलाव."

म्हणून बोलावतोय. आणि नुसतं बोलावत नाही, तोडगा घेऊन आलोय. सोमवारी मी आत सरकणार. पानं मी उलटणार, ते मला झोपेतही येतं. बाहेरची खुर्ची नव्या माणसाची. आमच्यातले एक जण कालच मला म्हणाले, "काळजीवाहू, मग आमचा नंबर कधी?" त्यांचंही बरोबर आहे. रीत तशी नाही. पण मी त्यांना आणि साहेबांना एवढंच सांगितलं, की घाबरलेला माणूस मधे थांबला की त्याला पुन्हा सुरू करणं फार जड जातं. बाहेरच्या खुर्चीवर थांबावंच लागत नाही. साहेब हो म्हणालेत. त्यांच्यासमोर बोलतोय, म्हणजे आता त्यांनाही फिरता येणार नाही.

हे मी एकाच मुलीला सांगत नाही. जो कोणी व्हायोलिन धरतो, त्या सगळ्यांना सांगतोय. आज सकाळी मामांनी मला विचारलं, कोणी येणार आहे का? मी बघू म्हटलं. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, मी छान म्हणतो आणि बघू म्हणतो. तेव्हा त्यांनाच सांगा. तोंडानं सांगितलेलं त्यांना ऐकू जाणार नाही. सोमवारी जे येणार असतील, त्यांनी हात वर करा.

घाई नाही. विचार करा.

तबलेवाल्या, तुझा नको रे बाबा, व्हायोलिन म्हणालो मी.

कुणी नाही का? बरं. चालेल. माझंही चुकलं असेल, असं चारचौघांत विचारायला नको होतं. मुलं संकोचतात. वहिनी, त्यांना सांगा की... थांबा. खांबाआड कोणीतरी आहे. कोण आहे ते? हो, हो. जरा पुढे ये आणि नीट वर कर, म्हणजे त्यांना दिसेल. तीच आहे का? डोळ्यांना पाणी आलंय मला, दिसत नाही नीट. तीच आहे.

मामा विचारतायत, "कोण? ती शेजारी बघणारी?" अहो मामा, हळू, माईक चालू आहे. हो. ती. ती येतेय.

पोरी, हात खाली घे आता. खांदा भरून येईल.

मंडळी, माझ्या कागदावर यापुढे लिहिलंय, 'आज मला अतिशय आनंद होत आहे'. काल रात्री लिहिलं होतं, खुर्ची भरेल अशा आशेवर. वाचायला हवं, पण वाचवत नाही. खुर्ची रिकामी होती तोवर मनात कुठंतरी होतं, की हा परत येईल. दहा वाजता पेटी घेऊन दारात उभा राहील, खुंटी घट्ट झालीय म्हणेल. आता सोमवारी माझ्या शेजारी दुसरं माणूस बसणार. मीच बोलावलंय आणि ते यायलाच हवं. मामा, तू बघितलंस ना हात? मग आता तुझं खरंच संपलं रे. घरी जा. सातजणांची काळजी मी करतो, मला तेवढंच येतं.

अध्यक्षबाईंनी हॉल दिला, साहेबांनी वेळ काढला, वहिनींनी इतकी वर्षं एक माणूस आम्हाला उसना दिला, या सगळ्यांचे मी आमच्या सगळ्या वादकांच्या वतीनं आभार मानतो. बोलताना कुणाला लागलं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, वेळ तर जास्त घेतलाच आहे, तर ते सगळं माझ्या वयाच्या खाती टाका आणि मोठ्या मनानं विसरा. टाळ्या वाजवणार असाल तर हात उंच करून वाजवा. त्याला दिसायला हव्यात.

नमस्कार.